पंखावरचं वर्तुळ : भारतीय विमानांच्या खुणांची पार्श्वभूमी

हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या छोट्या मॉडेलचं किट उघडलं की आत बहुधा १९४० च्या ब्रिटनच्या लढाईचं डेकल-पान, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचा कागद, निघतं. लाल-पांढरी-निळी वर्तुळं आणि दोन-तीन ब्रिटिश स्क्वाड्रनची अक्षरं. सोलापुरात किट येतं कुरिअरनं, मुंबई-पुण्याहून नाहीतर थेट बाहेरदेशातून. मग जे पान आलं तेच चिकटवायचं, असा इथल्या हौशी मंडळींचा शिरस्ता. पण १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग भारतीय हवाई दलाच्या ज्या एक नंबर स्क्वाड्रनचे प्रमुख होते, तिच्या हरिकेनवर वर्तुळाच्या मधलं लाल टिंब नव्हतं. ते का नव्हतं, हे कळायला पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं.

१९१४ मध्ये ब्रिटिशांनी विमानांच्या पंखांखाली आपला यूनियन जॅक रंगवला. विमान उंच गेलं की त्यातला लाल क्रॉसच तेवढा नजरेत भरायचा, आणि जर्मनांची खूणही क्रॉसच. खालच्या शिपायाला फरक कळेना. तो आपल्याच विमानावर गोळ्या झाडायचा. फ्रेंचांकडे १९१२ पासून वर्तुळं होती, मध्ये निळं आणि कडेला लाल. ब्रिटिशांनी त्यांचा क्रम उलटा करून घेतला. या खुणा रुजल्या त्या आपल्याच बंदुकांपासून वाचण्यासाठी, हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचे बदल आपोआप उलगडतात.

८ ऑक्टोबर १९३२ ला भारतीय हवाई दल स्थापन झालं आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिघ रोडवर वेस्टलँड वापिटी विमानांची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. पंखांवर अर्थातच ब्रिटिश वर्तुळ. त्याआधी अवघी तीन वर्षं, ६ एप्रिल १९३० ला, सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा चढला होता. मे महिन्यात शहरात मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकृष्ण सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. वापिटीचं मॉडेल करणाऱ्या सोलापूरकराला तिच्यावर तिरंगी वर्तुळ लावायचा मोह होणं साहजिक आहे. मोह आवरावा. इतिहास तसा नाही.

जपान युद्धात उतरल्यावर लाल टिंबच धोक्याचं झालं. जपानी विमानांवर लाल गोळा. ब्रह्मदेशाच्या आकाशात क्षणभर दिसलेलं लाल वर्तुळ कुणाचं, हे ठरवायला तोफखान्याला सवड नसे. अमेरिकनांनी १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातलं लाल पुसलं. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही लाल गेलं आणि पुढे गडद निळ्या कडेत फिकट निळं असं लहानखुरं वर्तुळ आलं. इंफाळच्या हरिकेनला हेच हवं, आणि हवाई दलाच्या व्हल्टी व्हेंजन्स बॉम्बफेकी विमानालाही.

१२ मार्च १९४५ ला दलाच्या नावामागे 'रॉयल' लागलं, १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर गेलं. मधल्या काळात, स्वातंत्र्यानंतर थोडे दिवस, पांढऱ्यावर निळं अशोकचक्र वर्तुळ म्हणून आलं. मग आजचं : बाहेर केशरी, आत पांढरं, मध्यभागी हिरवं. म्हणून त्या काळच्या टेम्पेस्ट किंवा स्पिटफायर विमानाचं मॉडेल करणाऱ्यानं आधी तारीख ठरवावी, रंगाची बाटली नंतर उघडावी.

जेटच्या काळात वर्तुळ स्थिरावलं, पण बाकीचं बदललं. १९६५ च्या युद्धातली नॅट लढाऊ विमानं चंदेरी होती. १९७१ मध्ये मिग-२१ वर घाईघाईनं हिरवे-तपकिरी पट्टे मारले गेले, तेही स्क्वाड्रनगणिक वेगळे. इथे फोटो समोर ठेवल्याशिवाय ब्रश उचलू नये. एअरफिक्स या किट-कंपनीच्या जुन्या नॅटचा आणखी एक चकवा आहे. ते किट दोन आसनी प्रशिक्षण विमानाचं, आणि लढले ते एक आसनी. अशा वेळी कितीही उत्तम डेकल लावलं तरी उपयोग नाही.

आता डेकलचं स्वतःचं. कागदावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर वार्निशचा पातळ पापुद्रा, त्यावर शाई. पाण्यात भिजवलं की पापुद्रा सुटतो आणि सरकवून जागी बसवता येतो. खाली रंग खडबडीत असेल तर हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते; म्हणून आधी चकचकीत वार्निशचा हात. जुनं पान पिवळं पडलं असेल तर ते खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवतात. सोलापूरच्या उन्हाचा एवढा एक फायदा आहे खरा.

भारतीय खुणांची खरी अडचण पांढऱ्या रंगाची. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे पारदर्शक डेकल-कागदावर छापलेल्या वर्तुळातून खालचा हिरवा रंग डोकावतो आणि केशरी मातकट दिसतं. उपाय दोन. पांढऱ्या डेकल-कागदावर छापून काठाकाठानं कापायचं, किंवा विमानावर आधी पांढरी चकती रंगवून त्यावर पारदर्शक वर्तुळ बसवायचं. खऱ्या विमानावरचं ३६ इंची वर्तुळ १/७२ प्रमाणात बरोबर अर्धा इंच होतं, तेव्हा चकती अगदी नेमकी लागते. लग्नपत्रिका छापणारा स्क्रीन प्रिंटिंगवाला पांढऱ्यासकट सगळे रंग छापू शकतो, पण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि दहा-बारा पानांसाठी तो खर्च परवडत नाही. चार-पाच जणांनी मिळून एकाच पानावर हरिकेनपासून मिगपर्यंतच्या खुणा बसवल्या, तरच हिशेब जुळतो.