स्कॅन केलेल्या फिल्मचा मेटाडेटा: पार्श्वभूमी

फिल्मवरचे छायाचित्र स्कॅन केले की फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे चित्रासोबत साठवलेल्या माहितीत, बहुधा स्कॅनरचे नाव आणि स्कॅनिंगचा दिवस नोंदला जातो. ते छायाचित्र कधी, कोणत्या कॅमेऱ्याने आणि कोणत्या फिल्मवर टिपले, याचा त्यात मागमूस नसतो. ही उणीव भरून काढणारी सॉफ्टवेअर अलीकडची असली, तरी छायाचित्रासोबत त्याची माहिती जपण्याची धडपड संगणकापेक्षा बरीच जुनी आहे.

कोडॅकने १९१४ मध्ये ऑटोग्राफिक कॅमेरे आणले. त्यांच्या पाठीवरची छोटी झडप उघडून धातूच्या लेखणीने फिल्मच्या पाठकागदावर लिहायचे, मग काही क्षण तेवढ्या भागावर उजेड पडू द्यायचा, की फिल्म धुतल्यावर ती अक्षरे निगेटिव्हच्या कडेला उमटत. चित्राला धक्का न लावता नोंद कायम त्याच्यासोबत ठेवणारी ही युक्ती मला आजही अतिशय सुज्ञ वाटते, कारण पुढे आलेल्या ‘डेटा बॅक’ने, म्हणजे तारीख छापणाऱ्या कॅमेऱ्याच्या पाठीने, तारखेचे आकडे सहसा थेट चित्राच्या कोपऱ्यातच छापले. १९९६ च्या एपीएस (ॲडव्हान्स्ड फोटो सिस्टिम) या नव्या प्रकारच्या फिल्मवर नोंदींसाठी चुंबकीय थर होता, पण ती पद्धत टिकली नाही. बहुतेक रोलांची माहिती वह्यांत, निगेटिव्हच्या पाकिटांवर आणि स्लाइडच्या चौकटींवरच राहिली.

डिजिटल बाजूला वृत्तसंस्थांच्या गरजेतून १९९१ मध्ये आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नमुना ठरला आणि मथळा, छायाचित्रकार, स्थळ यांना निश्चित रकाने मिळाले. १९९५ मध्ये जपानमध्ये तयार झालेले एक्झिफ हे छायाचित्राच्या फाइलमध्ये छायाचित्रणाची माहिती नोंदवण्याचे मानक मात्र मुख्यतः डिजिटल कॅमेरा डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहे. त्यात मूळ छायाचित्रणाची वेळ आणि डिजिटल रूप मिळाल्याची वेळ असे दोन रकाने आहेत. डिजिटल कॅमेऱ्यात ते एकसारखेच भरतात, स्कॅनमध्ये त्यांच्यात कित्येक दशकांचे अंतर असू शकते, आणि हे अंतर न जपल्यास जुना संग्रह स्कॅनिंगच्या दिवसाखाली गोळा होतो. फिल्मचे नाव, डेव्हलपर (फिल्म धुण्याचे रसायन) किंवा रोलमधील फ्रेमचा क्रमांक यांसाठी एक्झिफमध्ये स्वतंत्र जागा नाही. ॲडोबीने २००१ मध्ये आणलेल्या एक्सएमपी या मेटाडेटा साठवण्याच्या पद्धतीत नवे रकाने जोडण्याची सोय असल्यामुळे ही अडचण सुटू शकली.

फिल हार्वी यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एक्झिफटूलने हे सर्व प्रकार वाचण्या-लिहिण्याचे एक सामाईक साधन दिले. ते आदेश टाइप करून चालवावे लागते, म्हणून फिल्म वापरणाऱ्यांसाठी त्याच्या आधारावर सोपी साधने निघाली, तर ॲनालॉगएक्झिफसारखे प्रोग्राम खास स्कॅनसाठीच लिहिले गेले. कॅमेरा, लेन्स आणि फिल्म यांची यादी एकदा तयार करून ती माहिती संपूर्ण रोलला लावायची, आणि प्रत्येक फ्रेमचे ॲपर्चर व शटरवेग तेवढे वेगळे भरायचे, ही त्यामागची कल्पना आहे.

तारखेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पाकिटावर केवळ ‘१९७४’ लिहिलेले असेल, तर एक्सएमपीत नुसते वर्ष नोंदवता येते. एक्झिफच्या रकान्यात मात्र अनेक प्रोग्राम पूर्ण दिनांक आणि वेळ मागतात. तेथे सोयीसाठी १ जानेवारी भरली, तर पुढे ती खरी तारीख मानली जाण्याचा धोका असतो, म्हणून ती अंदाजे असल्याचे वर्णनाच्या रकान्यात स्पष्टपणे लिहून ठेवणे आवश्यक ठरते.