अंगणातील खेळजागा (ग्रामीण विदर्भ)

घराच्या आवारात लहान मुलांना रोज खेळता यावे म्हणून मुद्दाम राखलेली आणि आखलेली जागा. वऱ्हाडात ती बहुधा घरामागच्या सांदवाडीत किंवा ओट्यासमोर असते, पूर्वेकडच्या झाडीपट्टीत घर आणि धानाचे खळे यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीवर. अशी जागा आखताना बाजारातून काय आणायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. सावली कुठे पडते, पायाखाली कोणती माती आहे आणि चुलीपाशी बसलेल्या बाईला मूल दिसते का, या तीन गोष्टी जुळल्या तर एक दोर आणि वाळूचा ढीग एवढ्यावर खेळजागा उभी राहते. त्या जुळल्या नाहीत तर महागाची घसरगुंडीही वैशाखात रिकामी पडून राहते.

अंगण आणि त्याचे वर्ष

विदर्भातले अंगण कामाचे असते. दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात येऊ लागतो, पुढे तूर आणि हरभरा येतो, उन्हाळ्यात मिरची, कुरड्या आणि पापड वाळत पडतात, मृगाच्या तोंडाशी बियाणे आणि खताची पोती येतात. या प्रत्येक वेळी ‘जरा तिकडे खेळा रे’ म्हणून मुलांना ढकलले जाते आणि शेवटी ती रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या वाटेत पोहोचतात. म्हणून खेळजागेची हद्द आधी ठरवून ती चुन्याने रंगवलेल्या दगडांनी किंवा आडव्या गाडलेल्या विटांनी दाखवणे हे आखणीचे पहिले काम. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब पट्टीसुद्धा पुरते, पण ती वर्षभर मुलांची हवी.

सणांचाही विचार करावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदीबैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. चाकांचा नंदी ओढायला सपाट, सारवलेली पट्टी अंगणात असली की त्या दिवसाची तयारी आठवडाभर आधीच खेळ होऊन जाते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. त्यांना फेर धरून बसायला आणि झाकलेली खिरापत ओळखायला ओट्याजवळची कोरडी जागा लागते, कारण त्या दिवसांत पाऊस पुरता गेलेला नसतो.

सावली

नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. लोखंडी पत्र्याची घसरगुंडी तेव्हा पोळी भाजता येईल इतकी तापते आणि मुलाच्या मांड्या खरोखर भाजतात. म्हणून विदर्भात झाड हे खेळजागेचे मुख्य साधन आहे आणि ते जागेच्या पश्चिमेला हवे. सकाळचे ऊन सोसते, दुपारनंतरचे तिरपे ऊन सोसवत नाही.

कोणते झाड, यात बरीच फसगत होते. साग सरळ वाढतो, लाकूड देतो, म्हणून आवारात लावला जातो. पण तो नेमका उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. पळसाचेही तसेच: होळीला फुलांनी पेटतो, सावली काही देत नाही. कडुनिंब मात्र फाल्गुनात पाने गाळतो आणि ऊन कडक होईपर्यंत चैत्राच्या पालवीने भरून जातो. चिंच आणि आंबा बारमाही हिरवे. शेवगा दोन वर्षांत घराच्या उंचीला जातो, पण त्याची फांदी ठिसूळ असते. जांभळाचीही फांदी बेसावध क्षणी कडकन मोडते. त्यांच्या सावलीत बसावे, त्यांना झोका बांधू नये. झाड वाढेपर्यंत चार मेढी रोवून तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) किंवा डहाळ्यांचा मांडव घालावा. त्याखालची हवा पत्र्याच्या छपराखालच्या हवेपेक्षा कितीतरी सुखाची असते. भर दुपारी मात्र कोणत्याही सावलीत पळापळीचे खेळ नकोत. खेळाची वेळ सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि पुन्हा ऊन उतरल्यावर. जागेजवळच तिवईवर माठ ठेवला की तहानलेले मूल घरात न जाता पाणी पिते.

पावसाळ्यात झाडाचा अर्थ बदलतो. विजा कडकडू लागल्या की झाडाखालून आणि मांडवाखालून सगळ्यांनी घरात यायचे, हा नियम मुलांच्या अंगवळणी पडलेला असावा.

काळी आणि पांढरी

गावगाड्यात शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात. जुनी गावठाणे पांढरीवर वसली. तिथली माती घट्ट, भिंती घालायच्या कामाची, सडा-सारवण धरणारी. अशा अंगणात वेगळे काही करावे लागत नाही. अडचण नव्या वस्त्यांची आहे, कारण त्यांतली कितीतरी घरे थेट काळीवर उभी राहिली आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुलैत मुलाच्या पायाला चिखलाचे पायताण चढते, एप्रिलमध्ये भेगेत पाऊल अडकून घोटा मुरगळतो. तिच्यात रोवलेला झोक्याचा खांब दोन पावसाळ्यांत कलतो.

उपाय मेहनतीचा आहे, खर्चाचा फारसा नाही. खेळाच्या पट्टीतली दीड-दोन फूट काळी माती काढून परसबागेत टाकावी. खड्ड्यात मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकावा. वरची पातळी अंगणापेक्षा चार-सहा बोटे उंच आणि एका बाजूला किंचित उतरती ठेवावी, म्हणजे पाणी शोषखड्ड्याकडे किंवा केळीच्या आळ्याकडे जाते. खांबाचा खड्डाही असाच रुंद काढून गिट्टी-मुरमाने भरावा. मुरमाचा पृष्ठभाग गुडघे सोलतो, म्हणून त्यावर माती आणि शेणकाल्याचा सारवणाचा हात द्यावा. अशा जमिनीवर अनवाणी खेळता येते आणि कवेलूच्या, म्हणजे कौलाच्या, खापरीने बिल्लसच्या (लंगडी-ठिकरीच्या खेळाच्या) चौकटीही नीट उमटतात.

झोका, वाळू आणि चढण

विदर्भात ओसरीतल्या लाकडी झोपाळ्याला बंगई म्हणतात. ती मोठ्यांची. मुलांचा झोका झाडाला असतो आणि तिथे सर्वाधिक दुर्लक्ष दोराकडे होते. अंबाडीचा किंवा सुती दोर पावसात आतून कुजतो, बाजारातला रंगीत प्लास्टिकचा दोर उन्हाने चुरू लागतो. दोन्ही वरून धड दिसतात. दर महिन्याला गाठीजवळ पीळ उकलून आतले तंतू पाहणे हीच खात्रीची परीक्षा.

झोक्याला वाटते त्याहून जास्त जागा लागते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शनानुसार, दोर जिथे टांगला त्या उंचीच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढेच मागे मोकळे हवे. म्हणजे फांदी आठ फुटांवर असेल तर सोळा फूट पुढे, सोळा फूट मागे. एवढे अंगण नसेल तर आखूड दोराचा, खालच्या फांदीवरचा झोका बांधावा. चढायच्या साधनांभोवती सहा फूट, म्हणजे चार हात, जागा मोकळी ठेवायची असते. चार फुटांपर्यंतच्या उंचीखाली ९ इंच, म्हणजे वीतभर, सैल वाळू हवी. ही मापे हात आणि वीत यांत इतकी चपखल बसतात की गावच्या सुताराला ती टेप न काढता सांगता येतात. आणखी एक माप ध्यानात ठेवावे: कठड्याच्या किंवा शिडीच्या दोन पट्ट्यांमधली फट साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यान नसावी. अशा फटीतून लहान मुलाचे अंग आत जाते आणि डोके अडकते.

चढण्यासाठी गडचिरोली-मेळघाटाकडचा बांबू उत्तम, पण तो चिरला की धार येते आणि जमिनीत उभा केला की उधळी (वाळवी) लागते. बांबूच्या खालच्या टोकाला डांबर लावून त्याभोवती गिट्टी घालावी. जळके ऑइल फासण्याची पद्धत सर्रास आहे, पण मुलांचे हात जिथे लागतात आणि हातांमागून तोंड, तिथे ते अजिबात वापरू नये. ट्रॅक्टरचा जुना टायर अर्धा गाडला की चढायला, लपायला, घोडा करायला होतो. त्याच्या पोटात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, म्हणून आधी त्याला खालून भोके पाडावीत.

वाळूचा हौद चार-सहा फुटांचा, कडेला विटा, तळाला गिट्टी. रात्री त्यावर ताडपत्री घालायची, नाहीतर मांजरी वाळू घाण करतात. सकाळी ताडपत्री मोठ्या माणसाने काठीने उचलायची, कारण गारव्याला विंचू येऊन बसतो. मुलांसाठी वाळूचे ढीग हौसेने घालण्याची प्रथा अमेरिकेत बोस्टन शहरात १८८५च्या सुमारास सुरू झाली आणि सार्वजनिक क्रीडांगणाच्या इतिहासात ती मोठी पायरी मानली जाते. खेड्यात घरबांधणीचा उरलेला ढीग हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे.

सुटे सामान

डेन्मार्कमध्ये एम्ड्रुप येथे १९४३ साली सोरेन्सेन या उद्यान-रचनाकाराच्या कल्पनेतून फळ्या, दोर, विटा अशा टाकाऊ सामानाचे क्रीडांगण उघडले. मुले पक्क्या साधनांपेक्षा हलवता-जोडता येणाऱ्या वस्तूंशी अधिक रमतात, हे त्याने पाहिले होते. विदर्भातल्या अंगणात असे सामान हंगामाप्रमाणे आपोआप येते. चिंचोके, सरकी, मोहाच्या टोळ्या (बिया), तुराट्या, खापऱ्या.

ज्वारी कापणीनंतरचा धांडा, म्हणजे वाळले खोड, घ्या. मूल त्याची साल दाताने किंवा विळ्याच्या टोकाने सोलते. आतला पांढरा, हलका गाभा बोटभर तुकड्यांत तोडते. सालीच्या टोकदार काड्या गाभ्यात खुपसून एकेक तुकडा जोडत जाते, आणि अर्ध्या तासात जू, दांडी, साटी आणि दोन चाके असलेली बैलगाडी तयार होते. साल ब्लेडसारखी कापते, म्हणून बोटे रक्ताळतातही. शेजारी आजी बसलेली असली की ती साल कशी धरायची ते दाखवते. वर्ध्यातून १९३७ साली पुढे आलेली गांधीजींची नई तालीम हाताच्या कामातून शिक्षण म्हणत होती. त्याचे बालरूप पाहायचे तर ही गाडी पाहावी. खेळजागेत अशा सामानासाठी एक उघडे खोके किंवा जुनी टोपली ठेवली तर पुरे. मोठ्यांनी ती टोपली ‘कचरा’ म्हणून फेकू नये, एवढीच मुलांची मागणी असते.

विटीदांडू, लगोरी, डाबडुबली या खेळांना अंगण पुरत नाही, ते गावच्या पटांगणावर जातात. अशा देशी खेळांना विदर्भात मानाची परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून त्यांच्यासाठी झटत आले आणि त्याच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. अंगणात या खेळांची तयारी होते: तोल, झेप, झाडावर चढणे आणि पडताना सावरणे.

धोके

इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गावच्या अंगणातले धोके शहरी पुस्तकांत सापडत नाहीत.

सर्वांत मोठा धोका औषधाचा, म्हणजे फवारणीच्या विषाचा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेच विष डब्यांतून आणि बाटल्यांतून घरी येते. बाटलीचे रंगीत झाकण भातुकलीत भांडे होते, रिकामा डबा गाडी होतो. औषध लावलेले कपाशीचे बी गुलाबी किंवा निळे असते, गोळीसारखे दिसते. पंप धुण्याची जागा, औषधाची खोली आणि फवारणीचे कपडे वाळत घालायची दोरी खेळजागेच्या दुसऱ्या टोकाला असायला हवी आणि रिकामी बाटली भोक पाडून त्याच दिवशी मुलांच्या नजरेआड व्हायला हवी. यात ‘उद्या करू’ चालत नाही.

दुसरा धोका झाडांचा. कुंपणाला लावलेली चंद्रज्योत शेंगदाण्यासारख्या चवीच्या बिया देते. त्या खाऊन मुले वांत्या-जुलाबाने दवाखान्यात जातात. एरंड, धोतरा, कण्हेर, गुंज यांच्या बियाही विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी मुले पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली, पण तीच बी फोडून खाल्ली तर हृदयावर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. अशी झाडे खेळजागेच्या कडेला नकोतच. मेंदी किंवा कोरफड लावावी.

पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या झाडांचा) आणि गोवऱ्यांचा ढीग उंदरांचे घर असतो, आणि उंदरामागे नाग, मण्यार, घोणस येतात. ढीग खेळजागेपासून लांब, शक्यतो जमिनीपासून उचललेल्या फळ्यांवर रचावा. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, थेट सर्पविषावरील इंजेक्शन असलेला सरकारी दवाखाना गाठावा. विहिरीला कमरेइतका कठडा आणि जाळी, पाण्याच्या टाक्याला झाकण, मोटारीच्या वायरला नळी, बोडीकडच्या (छोट्या तळ्याकडच्या) बाजूला पक्के कुंपण, या गोष्टी खेळणी आणण्याच्या आधीच्या आहेत. मारकुटी गाय आणि बैलांचा कोठाही आडकाठी लावून वेगळा करावा.

कोणासाठी

रांगत्या मुलाला ओट्यालगतचा सारवलेला तुकडा पुरे. तीन ते सहा वर्षांच्यांना वाळू आणि पाणी, त्यापुढच्यांना उंची आणि झोका. वेगवेगळ्या वयांची मुले एकाच ठिकाणी खेळतात, तेव्हा झोक्याच्या वाटेत लहानगे येणार नाही अशी वाळू बाजूला ठेवावी.

बऱ्याच घरांत दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा खेळ संपतो. धाकट्याला सांभाळणे, पाणी आणणे, आईसोबत वेचणीला जाणे तिच्या वाट्याला येते. घरच्याच आवारात झोका असला की धाकट्याला कडेवर घेऊन का होईना तीही खेळते. या एका कारणासाठीसुद्धा अंगणात झोका हवा. ज्यांना अंगणच नाही अशा घरांच्या मुलांसाठी गावची अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतल्या या केंद्राच्या नावातच अंगण आहे. तिथली सावली आणि जमीन वर सांगितल्याप्रमाणेच पाहावी लागते.

निगा

दरवर्षी दोनदा डागडुजी लागते. मृगाआधी मुरमाचा उतार आणि शोषखड्डा पाहावा, मांडवाची कुजकी डहाळी काढावी. दसऱ्याच्या सुमारास, शेतीची अवजारे पुसून पुजायला काढली जातात तेव्हा, वाळू उपसून वाळवावी, खिळे ठोकून घ्यावेत, गंजलेला पत्रा फेकावा. झोक्याचा दोर फांदीची साल कापत जातो. म्हणून गोणपाटाची जाड घडी किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घालून तो गुंडाळावा आणि वर्षातून एकदा हातभर बाजूला सरकवावा. जिथे सालीखालचे लाकूड उघडे पडले असेल, त्या फांदीला ती जखम भरेपर्यंत झोका बांधू नये.