वीजटंचाई आणि कोल्हापूरची कारखानदारी

मागणीइतकी वीज उपलब्ध नसणे म्हणजे वीजटंचाई. कारखान्याला ती ठरवून केलेले भारनियमन, अचानक खंडित होणारा पुरवठा आणि कमी दाब अशा तीन रूपांत भोगावी लागते. विकसनशील देशांत अपुरी निर्मिती, वहनातील गळती, वीजचोरी आणि थकबाकी ही तिची नेहमीची कारणे होत. महाराष्ट्रात दाभोळ वीज प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला आणि त्यानंतरच्या दशकात भारनियमन उद्योगांच्या पाचवीलाच पुजले गेले.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, तसेच शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम आणि यंत्रकामाचे कारखाने दाटीने आहेत. वीज जाण्याची खरी किंमत ओतकामात कळते. क्युपोला भट्टीत कोक जळतो व वीज मुख्यतः हवा फुंकण्यापुरती लागते. इंडक्शन भट्टीत मात्र वीज हेच इंधन असून एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवण्यास साधारणतः 600 युनिटे खर्ची पडतात. साच्यात ओतायचा रस सुमारे 1400 अंश सेल्सिअसला असावा लागतो. मध्येच वीज गेली तर रस निवतो, भट्टीतच गोठला तर अस्तराला तडे जातात, आणि वीज नसतानाही भट्टीभोवतीच्या कॉइलमधून ती थंड ठेवणारे पाणी फिरते ठेवणे भाग असल्याने डिझेलवरचा पंप किंवा उंचावरची टाकी कायम सज्ज ठेवावी लागते. अर्धा तास वीज गेली म्हणजे अर्ध्या तासाचेच उत्पादन बुडाले, हा हिशेब म्हणूनच चुकीचा आहे. भारनियमनाची वेळ आधी कळली, तर निदान भट्टी कधी भरायची हे ठरवता येते. अवचित गेलेली वीज तेवढीही सवड देत नाही.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर नुकसानीचे स्वरूप वेगळे आहे. माग थांबून पुन्हा सुरू झाला की कापडावर पट्टा उमटण्याची भीती असते. शिवाय विणलेल्या कापडावर मजुरी मोजली जात असल्याने बंद मागाचा भार थेट कामगाराच्या घरावर पडतो, आणि ही बाब उत्पादनाच्या आकडेवारीत दिसत नाही.

डिझेल जनरेटरची वीज महाग पडते. मोठा कारखाना तो खर्च अधिक उत्पादनावर पसरवू शकतो, लहान कारखानदाराला ते साधत नाही. त्यामुळे एकाच टंचाईची झळ दोघांना सारखी बसत नाही. जिल्ह्यातील काही साखर कारखाने बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, वीज निर्माण करून शिल्लक वीज ग्रिडला विकतात, पण गाळप हंगाम संपल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात मागणी चढते तेव्हाच, या विजेचा ओघ आटतो.