ॲमर्स्ट कॉलेज आणि यूमास ॲमर्स्ट : एका गावातल्या दोन संस्था

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात ॲमर्स्ट नावाचं गाव आहे. विद्यार्थी धरून वस्ती ४०,००० च्या आसपास. गावच्या मध्यावरून दक्षिणेला काही मिनिटं चाललं की ॲमर्स्ट कॉलेज लागतं. उत्तरेला थोडं जास्त चाललं की युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स ॲमर्स्ट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘यूमास’. नावात ॲमर्स्ट, पत्त्यात ॲमर्स्ट. त्यामुळे भाचीला ‘ॲमर्स्टला प्रवेश मिळाला’ एवढं कळलं की इकडे काका-मावश्या फोनवर शोधतात, ३०,००० विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाचे फोटो एकमेकांना पाठवतात, आणि ती निघाली आहे त्या कॉलेजात सगळे मिळून १,९०० च्या आसपासच विद्यार्थी आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडच्या माणसाचा एक गोंधळ याहून खोल असतो. तो धरून चालतो की हे कॉलेज त्या विद्यापीठाला संलग्न असणार. यात नवल नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं, तेव्हापासून आपली व्यवस्था अशीच घडली आहे: शिकवायचं कॉलेजने, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. आजही आपल्या बहुतेक कॉलेजांच्या पदवीवर विद्यापीठाचं नाव असतं. ॲमर्स्टमध्ये तसं काहीही नाही. कॉलेज स्वतःचे अभ्यासक्रम ठरवतं, स्वतः परीक्षा घेतं, स्वतःची बी.ए.ची पदवी देतं. यूमासचा त्याच्यावर कसलाही अधिकार नाही. वयानेही कॉलेजच मोठं. ते १८२१ चं, तर विद्यापीठाची स्थापना १८६३ ची.

दोन्हींचा जन्म वेगवेगळ्या गरजांतून झाला आणि त्याचा ठसा आजवर टिकून आहे. कॉलेज काढलं ते गावातल्या आणि आसपासच्या धर्मनिष्ठ मंडळींनी, गरीब पण होतकरू तरुणांना धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण मिळावं म्हणून. कवयित्री एमिली डिकिन्सन याच गावची. तिचे आजोबा सॅम्युएल फाउलर डिकिन्सन हे या संस्थापकांपैकी एक, आणि कॉलेजपायी त्यांनी आपला पैसाअडका अक्षरशः घालवला. विद्यापीठाचं मूळ मात्र १८६२ च्या मॉरिल कायद्यात आहे. या कायद्याने राज्यांना शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या संस्था काढण्यासाठी केंद्राकडून जमीन मिळाली, आणि त्यातून मॅसॅच्युसेट्स ॲग्रिकल्चरल कॉलेज उभं राहिलं. म्हणजे आजचं अवाढव्य यूमास सुरुवातीला शेतकी कॉलेज होतं. त्याला आकार देणारे विल्यम स्मिथ क्लार्क हे ॲमर्स्ट कॉलेजचेच विद्यार्थी आणि पुढे तिथलेच रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १८७६ मध्ये त्यांनी जपानला जाऊन साप्पोरोच्या शेतकी कॉलेजची घडी बसवून दिली.

एक खाजगी, दुसरं सरकारी, हा फरक सगळेच सांगतात. एक लहान, दुसरं मोठं, हाही सांगतात. माझ्या मते विद्यार्थ्याचा दिवस बदलून टाकणारा फरक या दोन्हींत नाही. प्राध्यापकाला नेमलं कशासाठी आहे, त्यात तो आहे.

ॲमर्स्ट कॉलेजात फक्त पदवीचे विद्यार्थी असतात. एम.ए.चे नाहीत, पीएच.डी.चे नाहीत. त्यामुळे वर्गात शिकवायला, निबंध तपासायला, प्रयोगशाळेत हाताखाली काम करायला दुसरं कुणी उपलब्धच नसतं. जीवशास्त्राच्या प्राध्यापिकेला संशोधनात मदतनीस हवा असेल तर तिला विसाव्या वर्षीच्या पोरालाच शिकवून तयार करावं लागतं. सुमारे सात विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक हे तिथलं प्रमाण आहे. पहिल्याच सत्रात प्रत्येकाला एक छोटं चर्चासत्र घ्यावं लागतं. पंधरा-सोळा जण टेबलाभोवती बसलेले, समोर वाचून आलेला मजकूर, आणि प्राध्यापक विचारणार, ‘तुला काय वाटतं?’ आपल्याकडे बारावीपर्यंत उत्तरं पाठ करून आलेल्या हुशार मुलांची इथे पहिले काही आठवडे फार ओढाताण होते. त्यांना येत नसतं असं नाही. अपुऱ्या विचारासकट बोलायची सवय नसते, एवढंच. आणि गप्प बसलं तर ते सगळ्यांना दिसतं.

यूमासमध्ये पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राला किंवा रसायनशास्त्राला शेकडो मुलं एका सभागृहात बसतात. व्याख्यान प्राध्यापकांचं, पण आठवड्यातून एकदा लहान गटात गणितं सोडवून घेणारा बहुधा पीएच.डी. करणारा विद्यार्थी असतो. पुष्कळदा तो मनापासून आणि उत्तम शिकवतो. त्याला तो विषय अडला होता तो दिवस अजून जुना झालेला नसतो, त्यामुळे मुलांचं कुठे अडतंय ते त्याला चटकन दिसतं. पण प्राध्यापकांना तुमचं नाव माहीत व्हावं असं वाटत असेल, तर त्यांच्या भेटीच्या वेळेत दार तुम्हालाच ठोठावावं लागतं. ठोठावलं की दार उघडतं, हेही खरं. आणि दारापलीकडे जे असतं, म्हणजे पॉलिमरवर काम करणारी मोठी प्रयोगशाळा किंवा संगणकशास्त्राचा संशोधनगट, ते त्या प्रमाणावर कॉलेजकडे नाही.

विषय निवडण्याची रीतही उलटी आहे. यूमासला अर्ज करतानाच बहुधा शाखा सांगायची असते. संगणकशास्त्र, इंजिनिअरिंग, व्यवस्थापन यांना मागणी मोठी असल्याने आत गेल्यावर त्यांत बदली मिळणं अवघड जातं. शिवाय सर्वांना काही सामान्य विषय पुरे करावे लागतात. कॉलेजात पहिलं चर्चासत्र आणि पुढे निवडलेला मुख्य विषय सोडला तर बंधनकारक काहीच नाही. ना गणित, ना विज्ञान, ना भाषा. सत्राला साधारण चार याप्रमाणे चार वर्षांत बत्तीस कोर्स पुरे करायचे. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत सांगितला तरी चालतो. भौतिकशास्त्र आणि संगीत असे दोन मुख्य विषय घेतले तर कुणी भुवया उंचावत नाही. मात्र इंजिनिअरिंग, नर्सिंग, अकाउंटिंग यांत तिथे पदवीच मिळत नाही. ज्याला सिव्हिल इंजिनिअरच व्हायचं आहे त्याने मोकळ्या अभ्यासक्रमाच्या मोहात पडू नये. त्याची जागा गावाच्या उत्तर टोकाला आहे.

आता वर्गाबाहेरचं. दोन्हींतला फरक इथेही तितकाच जाणवतो.

कॉलेजात जवळपास सगळे चारही वर्षं आवारातच राहतात. पिढ्यानपिढ्या सगळे एकाच भोजनगृहात जेवत आले आहेत. व्हॅलेंटाइन हॉल त्याचं नाव, मुलं त्याला ‘व्हॅल’ म्हणतात. सकाळी ज्याच्याशी वर्गात वाद झाला तोच दुपारी ताट घेऊन शेजारी उभा. जिच्याशी मैत्री तुटली ती संध्याकाळी समोरच्या टेबलावर. दोन दिवस जेवायला आला नाहीत तर कुणीतरी खोलीवर येऊन विचारतं. हे लहान गावासारखं आहे: कुणी एकटं पडत नाही आणि कुणाला लपताही येत नाही. घरापासून १२,००० किलोमीटरवर, नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडू लागतो तेव्हा ही विचारपूस फार मोलाची असते. पण तिसऱ्या वर्षापर्यंत तेच ते चेहरे, त्याच त्या गोष्टी, आणि आपण पहिल्या वर्षी कसे होतो हे सगळ्यांना ठाऊक असणं, याचा जाच होणारी मुलंही असतात. तिसऱ्या वर्षी अनेक जण एखादं सत्र परदेशात काढतात, त्यामागे मला वाटतं हेही एक कारण असतं.

कॉलेज लहान असण्याचा आणखी एक परिणाम बाहेरून कळत नाही. ॲमर्स्ट कॉलेजातला साधारण तीनातला एक विद्यार्थी कॉलेजच्या कुठल्या तरी संघात खेळतो. हे संघ खेळावर शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत मोडतात, पण सराव रोजचा आणि कसून. खेळाचा वारसाही जुना. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना १८५९ मध्ये ॲमर्स्ट आणि विल्यम्स या कॉलेजांत झाला आणि ॲमर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. पण १,९०० पैकी इतके जण खेळाडू म्हटल्यावर जेवणाच्या टेबलांपासून मैत्रीपर्यंत खेळाडू आणि बिगर-खेळाडू अशी फाळणी पडते. न खेळणाऱ्या, परदेशातून आलेल्या मुलीला ती पहिल्याच महिन्यात जाणवते. कॉलेजलाही याची जाणीव आहे. यूमासमध्ये खेळ पहिल्या श्रेणीचा आहे. तिथल्या आइस हॉकी संघाने २०२१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण खेळणारे थोडे आणि आरडाओरडा करत बघणारे हजारो, त्यामुळे खेळाडूंचं वजन रोजच्या जगण्यावर तितकं पडत नाही.

यूमासची वस्ती बघायची तर साउथवेस्ट भाग बघावा. बावीस मजल्यांचे पाच मनोरे, भोवती खालच्या इमारती, आणि साडेपाच हजारांच्या आसपास विद्यार्थी. म्हणजे शेजारच्या अख्ख्या कॉलेजच्या जवळजवळ तिप्पट लोक केवळ या एका भागात. यातल्या एका मनोऱ्याला अमेरिकेचे एके काळचे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचं नाव आहे, आणि कूलिज शिकले होते ॲमर्स्ट कॉलेजात! अशा गर्दीत पहिला महिना बुजल्यासारखा जातो. पण गर्दीचा फायदाही तिच्यातच असतो. मराठी बोलणारे, क्रिकेट खेळणारे, गरबा करणारे, कुठल्याशा विसरल्या गेलेल्या वाद्याचे चाहते, सगळ्यांना पुरेसे सोबती भेटतात. एका टोळक्यात जमलं नाही तर दुसरं शोधता येतं, आणि पहिलं पुन्हा भेटेलच असं नाही. जेवणाच्या बाबतीत तर यूमास देशात नावाजलेलं आहे. विद्यापीठांच्या जेवणाच्या एका प्रसिद्ध क्रमवारीत ते वर्षानुवर्षं पहिलं येत आलं आहे, आणि शाकाहारी मुलाची तिथे आबाळ होत नाही. ग्रंथालय अठ्ठावीस मजली, कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्या नावाचं. त्यांची कागदपत्रंही तिथेच जपलेली आहेत. कॉलेजचं ग्रंथालय कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांच्या नावाचं. फ्रॉस्ट तिथे अनेक वर्षं शिकवत होते. या ग्रंथालयाच्या पायाभरणीला २६ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी आले होते आणि कवितेवर बोलले होते. त्यानंतर महिनाभराच्या आत त्यांची हत्या झाली.

इतकं सांगितल्यावर दोन्हींमध्ये भिंत आहे असं वाटेल. ती नाही. १९६५ मध्ये ॲमर्स्ट, यूमास आणि जवळची स्मिथ व माउंट होल्योक ही मुलींची कॉलेजं यांनी एक संघ स्थापन केला. हॅम्पशायर कॉलेज त्यातूनच पुढे जन्माला आलं. या संस्थांचे विद्यार्थी वेगळी फी न भरता एकमेकांकडे कोर्स घेऊ शकतात, पुस्तकं मागवू शकतात, आणि सत्र चालू असताना त्यांना बस फुकट असते. खगोलशास्त्र आणि नृत्य यांसारखे विभाग तर संयुक्तच चालतात. कॉलेजात नसलेली भाषा किंवा वरच्या पातळीचा कोर्स यूमासला जाऊन करता येतो, आणि यूमासचा विद्यार्थी कॉलेजच्या पंधरा जणांच्या वर्गात येऊन बसू शकतो. ही सोय फार जण पुरेशी वापरत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बसच्या वेळा आणि वेगवेगळी वेळापत्रकं जुळवायचा कंटाळा येतो खरा, पण आठवड्याच्या दोन फेऱ्यांत दुसरी अख्खी संस्था पदरात पडते.

पैशाचं गणित आपल्या घरांत बहुतेक वेळा उलटं मांडलं जातं, म्हणून तेवढं सांगतो. छापील आकडा बघितला तर कॉलेज महाग. राहणं-जेवण धरून वर्षाला ९०,००० डॉलरच्या घरात. यूमास परदेशी विद्यार्थ्याला त्याहून बरंच स्वस्त दिसतं. पण ॲमर्स्ट कॉलेज प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याचीही ऐपत बघत नाही, आणि प्रवेश दिल्यावर कुटुंबाला जेवढं कमी पडतं ते कर्जाऐवजी अनुदानातून भरून काढतं. सरकारी विद्यापीठाचा पैसा आधी राज्यातल्या मुलांसाठी असतो, परदेशी मुलाची पूर्ण गरज भागवण्याची हमी तिथे नाही. त्यामुळे निमशहरातल्या शिक्षकाच्या मुलीला प्रवेश मिळालाच, तर महागडं दिसणारं कॉलेज प्रत्यक्षात स्वस्त पडू शकतं. ‘मिळालाच तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कॉलेज अलीकडे शंभरातल्या दहाहून कमी अर्जदारांना घेतं, तर यूमास एकूण अर्जदारांपैकी निम्म्याहून जास्तांना.

ज्यांना अजून ठरवायचं आहे त्यांनी क्रमवाऱ्या बाजूला ठेवून तिथे शिकणाऱ्या मुलांशी बोलावं. यूमासच्या विद्यार्थ्याला विचारा: गेल्या सत्रात किती प्राध्यापकांशी तू पाच मिनिटांहून जास्त बोललास, आणि त्यासाठी काय करावं लागलं? कॉलेजच्या विद्यार्थ्याला विचारा: तुला हवा असलेला कोणता विषय इथे नव्हता, मग तू काय केलंस, आणि शनिवारी रात्री तू कुणाबरोबर जेवतोस?