भुंगेऱ्याची नवी प्रजाती ठरते कुठे?

दर काही महिन्यांनी पेपरच्या आतल्या पानावर एक चौकट येते : अमुक देशाच्या वर्षावनात भुंगेऱ्याची नवी प्रजाती सापडली. सोबत चकाकत्या किड्याचा फोटो. आमच्या यवतमाळ-वाशीमच्या पट्ट्यात ती बातमी वाचणारा हमखास विचारतो, "म्हंजे हा किडा आधी नव्हता काय?" होता. लाखो वर्षांपासून होता, आणि त्या जंगलात राहणाऱ्या माणसांनी तो पाहिलेलाही असणार. किडा पकडला जातो जंगलात, पण तो विज्ञानाला नवा आहे हे कळतं टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली, तेही बहुधा कित्येक वर्षांनी. नमुना गोळा झाल्यापासून त्याचं शास्त्रीय वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला होता. तोवर तो किडा संग्रहालयाच्या खणात टाचणीवर पडून असतो.

स्कॅरॅब हे भुंगेऱ्यांचं एक अवाढव्य कुळ आहे. ३०,०००च्या वर प्रजातींची वर्णनं झाली आहेत. शेणाचा गोळा करणारा शेणकिडा याच कुळातला, नाकावर शिंग असलेला गेंड्या भुंगेरा याच कुळातला, आणि वावरातल्या हुमणीचा बापही याच कुळातला. ओळखायची खूण म्हणजे मिशा. त्यांच्या टोकाला पातळ पापुद्रे असतात. ते मिटतात, उलगडतात आणि वास टिपतात.

कुळ ओळखणं सोपं, प्रजाती ओळखणं महाकठीण. रंग झिजतो. अंगावरचे केस गळतात. शिंगांवर तर अजिबात भरवसा ठेवू नये. ऑन्थोफॅगस या शेणकिड्यांच्या वंशात २,००० हून जास्त प्रजाती आहेत. त्यांतल्या अनेकींत एकाच प्रजातीचे काही नर लांब शिंगांचे असतात, तर काहींना शिंग जवळजवळ नसतंच. आईने जमिनीखाली ठेवलेलं शेण अळीला किती मिळालं, यावर मोठेपणी शिंग फुटणार की नाही हे मुख्यतः ठरतं. असे दोन नर शेजारी ठेवले तर कोणीही शपथेवर सांगेल की हे दोन वेगळे किडे आहेत.

मग तज्ज्ञ पाहतो काय? नराचं जननेंद्रिय. यात लाजण्यासारखं काही नाही. कीटकशास्त्रातलं ते सर्वांत विश्वासाचं ओळखपत्र आहे. वाळलेला किडा गरम पाण्यात मऊ करतात, पोट मागून अलगद उघडतात आणि आतली तपकिरी, कठीण नळी चिमट्याने बाहेर काढतात. कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवली की तिच्यावरचं मांस विरघळतं. मग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून ती सगळ्या बाजूंनी बघायची. साधारण आकाराच्या भुंगेऱ्यात ही नळी तुरीच्या दाण्याएवढीही नसते. तिच्या टोकाला दोन फाटे असतात, त्यांना पॅरामिअर म्हणतात. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन प्रजातींत एकीचे फाटे सरळ असतील, तर दुसरीचे आकडीसारखे वळलेले. नळीच्या आत एक पिशवी दुमडलेली असते. समागमाच्या वेळी ती उलटी होऊन मादीच्या शरीरात फुगते, आणि तिच्यावरही काटे व कठीण तुकडे असतात.

खरं कोडं इथे आहे. बाकीचं अंग तसंच राहून नेमका हाच अवयव इतक्या झपाट्याने का बदलतो? १८४४ साली लेआँ द्युफूर या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने उत्तर दिलं : कुलूप-किल्ली. चुकीच्या प्रजातीचा नर मादीशी जुळूच नये म्हणून निसर्गाने हा बंदोबस्त केला. ऐकायला पटतं, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ पटतही राहिलं. अडचण अशी की बऱ्याच कीटकांत किल्ली नक्षीदार असते, कुलूप मात्र साधं आणि मऊ. शिवाय नर-मादी वासावरून एकमेकांना आधीच ओळखत असतील, तर शेवटच्या क्षणाला कुलपाचं काम काय?

१९८५ साली विल्यम एबरहार्ड या जीवशास्त्रज्ञाने दुसरी बाजू मांडली. समागम झाला म्हणजे मादीची निवड संपली असं नाही. तिच्या शरीरात शुक्राणू साठवायची पिशवी असते. ती एकाहून जास्त नरांशी जुळते, आणि कोणाचे शुक्राणू वापरायचे हे आत ठरतं. ज्या नराच्या अवयवाची घडण मादीच्या शरीराला जास्त मानवते, त्याची पिल्लं जास्त. मग पिढ्यानपिढ्या तीच घडण पुढे ढकलली जाते. ऑन्थोफॅगस टॉरस या शेणकिड्यावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं की नराच्या जननेंद्रियाच्या घडणीचा किती अंडी त्याच्याकडून फळतील याच्याशी थेट संबंध आहे. त्याच किड्यात आणखी एक नवल. कोषावस्थेआधी, अळी असतानाच, ज्या भागापासून पुढे जननेंद्रिय वाढतं तो काढून टाकला, तर शिंगं मोठी होतात. म्हणजे शरीराकडे माल मर्यादित आहे, एका अवयवाला दिला की दुसऱ्याचा कमी पडतो. भूमध्य समुद्राकाठचा हा किडा अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात गेला, आणि तिथल्या वसाहतींत शिंग व जननेंद्रियाच्या आकाराचं गणित जेमतेम पन्नास वर्षांच्या आत बदललं. उत्क्रांती दिसत नाही म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वाचावं. प्रजाती पुरत्या वेगळ्या होण्याआधीच त्यांच्या विभक्त होण्याची खूण या अवयवावर उमटायला लागते, म्हणून वर्गीकरण करणारा आधी तिथे पाहतो.

फरक पक्का झाला की वर्णन लिहायचं. एक नमुना होलोटाइप म्हणून निवडावा लागतो. नव्या प्रजातीचं नाव कायमचं त्या एका टाचणीवरच्या किड्याशी बांधलं जातं. त्याच्याखाली चिठ्ठी हवीच : ठिकाण, तारीख, कोणी पकडला. नावाला दोन शब्द पुरतात, आणि त्यात हौसही चालते. २०१८ साली ब्रेट रॅटक्लिफ या कीटकतज्ज्ञाने जिम्नेटिस या वंशातल्या तीन नव्या भुंगेऱ्यांना एका टीव्ही मालिकेतल्या ड्रॅगनांची नावं दिली. पेपरात गाजली ती नावं. त्यामागचं शेकडो नमुने ताडून पाहण्याचं काम कोणी छापलं नाही.

गाजावाजाचं बोलतोच आहोत तर हेही सांगायला हवं. २०२४ मध्ये '७५ लाखांचा किडा' मोबाइलवर घरोघरी पोहोचला. स्टॅग बीटल हा मोठ्या जबड्याचा भुंगेरा म्हणे घरात ठेवला की माणूस रातोरात श्रीमंत होतो. त्यानंतर आमच्याकडची पोरं बाभळीखाली, उकिरड्यावर मोठ्या जबड्याचे भुंगेरे शोधत फिरली. कोणताही किडा धन आणत नाही. असल्या अफवांनी जंगलातून ओरबाडले जातात ते मात्र किडे. पूर्ण वाढ व्हायला त्यांतल्या काहींना कुजक्या लाकडात वर्षानुवर्षं काढावी लागतात.

आपलं विदर्भातलं जंगल पानगळीचं, सागाचं. वर्षावन नव्हे. पण प्रजाती ठरवायची रीत तीच, आणि तिची गरज आपल्या बांधावर आहे. रोहिणी-मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की दिवेलागणीला भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात आणि पहाटेआधी परत मातीत जातात. त्यांची पिल्लं म्हणजे हुमणी, सोयाबीनची आणि भुईमुगाची मुळं कुरतडणारी. सगळ्या पांढऱ्या वाकड्या अळ्यांना आपण हुमणीच म्हणतो, पण महाराष्ट्रात हुमणीच्या एकाहून जास्त प्रजाती आहेत. होलोट्रिकिया सेराटा वेगळी, ल्यूकोफोलिस लेपिडोफोरा वेगळी. शेणखतात दिसणाऱ्या अळ्यांत तर निरुपद्रवी भुंगेऱ्यांच्याही असतात, त्या पिकाला हात लावत नाहीत. अळीच्या शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूला बारीक केसांची नक्षी असते, ती भिंगाखाली पाहिली की गट ओळखता येतो. भुंगेऱ्याचं नाव मात्र वर सांगितलेल्या रीतीनेच पक्कं होतं. न ओळखता औषध ओतणं म्हणजे पैसा मातीत घालणं.

यंदा पहिल्या पावसानंतर निंबावरचे भुंगेरे घासलेटच्या पाण्यात बुडवाल, तेव्हा दहा-बारा वेगळे काढा. नर कोणते ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून संख्या जरा जास्त ठेवा. ते स्पिरिटच्या बाटलीत घाला, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका : गाव, तारीख, झाड कोणतं, वावरात पीक कोणतं. शाईने लिहू नका, स्पिरिटात ती पसरते. बाटली जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्या. मेळघाट किंवा ताडोबाच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय एकही किडा उचलायचा नाही, हे लक्षात असू द्या.