वाचायचं कुणी? कोल्हापुरातल्या एका लेखक-गटाची पार्श्वभूमी

शहरातल्या या गटात सध्या पुन्हा वाजलं आहे. ज्याला बैठकीला येता येत नाही त्यानं आपली कथा मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवली, तर ते वाचन धरायचं की नाही, असा प्रश्न आहे. बाहेरच्याला हे भांडण क्षुल्लक वाटेल. पण गटात आजवर जे काही फाटलं आणि शिवलं गेलं, ते बहुतेक वेळा वाचायचं कुणी यावरूनच.

पूर्वपीठिका सांगायला बसलं की ज्येष्ठ मंडळी थेट १८५० गाठतात, म्हणजे करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना. मग १९३२ चं साहित्य संमेलन, राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे माधव ज्युलियन, १९३८ मध्ये शहरात येऊन इथलेच झालेले वि. स. खांडेकर. सगळं खरं, पण गटाच्या रीतीभातीशी त्याचं नातं लांबचं. जवळचे धागे दोनच. एक काव्यगायनाचा. पुण्यात १९२३ मध्ये सुरू झालेल्या रविकिरण मंडळानं कविता चालीवर म्हणायची सवय महाराष्ट्राला लावली आणि माधव ज्युलियन त्याच मंडळातले. दुसरा धागा कथाकथनाचा, आणि तो जास्त चिवट. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी साठच्या दशकापासून गावोगाव कथा सांगितल्या. पाटील हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे, म्हणजे घरचेच. त्यांच्यामुळे जिल्ह्यात कथा लिहिणारा प्रत्येक जण श्रोता कुठं हसेल याचा हिशोब मांडूनच कागद काळा करू लागला. चांगल्या कथा आल्या, तशा नुसत्या आवाजावर उभ्या असलेल्याही आल्या.

१९९२ ला शहरात पुन्हा संमेलन झालं. पुढच्या वर्षांत तालुक्या-तालुक्यांत छोटी ग्रामीण संमेलनं भरू लागली आणि भुदरगड, राधानगरी, कागलकडून लिहिणारी पोरं शहरात वाचायला येऊ लागली. गट जमला तो या लोंढ्यातून. पेठेतल्या शाळेचा एक वर्ग, महिन्यातला एक रविवार, आधी वार्ता आणि मग वाचन. गारगोटी, गगनबावड्याच्या मंडळींना मुक्कामी एसटी गाठायची असल्यानं त्यांची नावं आधी पुकारायची, हा नियम कुणी न लिहिता ठरला आणि तो कधीच मोडला नाही. लिहून केलेले नियम मात्र मोडले.

त्यातला मोठा नियम असा, की स्वतःचं लेखन स्वतः वाचायचं नाही. कागद आणायचा, तो दुसऱ्यानं वाचायचा, लेखकानं मागच्या बाकावर गप्प ऐकायचं. मांडणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हातवारे, गावरान हेल, जागा बघून घेतलेला थांबा यांवर टाळ्या पडतात, आणि तीच कथा दिवाळी अंकाच्या संपादकाकडे गेली की साभार परत येते. दुसऱ्याच्या तोंडून उभी राहिली तरच ती कागदावर उभी आहे. काही महिने हे उत्तम चाललं. दोघा-तिघांच्या कथा त्यामुळेच सुधारल्या, हे विरोधकही मान्य करतात.

अडचण वाचणाऱ्यांची होती. स्पष्ट उच्चारांचे म्हणून जे पुढं यायचे ते बहुधा शिक्षक, प्राध्यापक. ‘काय कराय लागलाईस’ त्यांच्या तोंडी एकतर नाटकी व्हायचं, नाहीतर प्रमाण मराठीच्या इस्त्रीखाली सपाट. एका बैठकीत एका बाईंची कथा वाचली जात होती. निवेदन करणारी सून, आणि इकडच्या बायका बोलतात तशी ती ‘मी येतो’, ‘मी सांगतो’ म्हणते. वाचणाऱ्यानं पहिलं ‘येतो’ अडखळत वाचलं, दुसऱ्याला थांबला आणि तिसऱ्यापासून सगळीकडे ‘येते’, ‘सांगते’ करत गेला. कागदावरची चूक आपण सांभाळून घेतोय अशाच समजुतीनं. लेखिकेला नियमानं बोलता येत नव्हतं. त्या उठल्या, पुढं गेल्या, वाचणाऱ्याच्या हातातून फुलस्केप घेतला आणि उरलेली दोन पानं स्वतः वाचली.

पुढच्या बैठकीत नियमावर कडाक्याचं भांडण झालं. तोडगा निघाला तो धड इकडचा ना तिकडचा. कथा लेखकानंच वाचायची, पण बसून. कविता चालीवर म्हणायची नाही. आणि कागदाच्या झेरॉक्स प्रती श्रोत्यांच्या हातात हव्यात. गझलवाले यावर रुसले आणि निघून गेले. ते परत यावेत म्हणून फारसे प्रयत्न झाले नाहीत, हे सांगायला हवं. प्रतींचा खर्च ज्याचा त्यानं करायचा असल्यानं शिकणारी पोरंही कमी झाली. त्याची चर्चा गझलेइतकी झाली नाही.

वार्तेच्या भागाकडं कुणी इतक्या गांभीर्यानं पाहिलं नाही, आणि तोच आधी गेला. वार्ता म्हणजे नुसते सत्कार नव्हेत. कुठल्या अंकाची मुदत जूनअखेर आहे, कुणाला साहित्य युनिकोडमध्येच लागतं, कुठला प्रकाशक पुस्तक काढायला लेखकाकडूनच पैसे मागतो, कुठल्या पुरस्काराला प्रवेश शुल्क भरलं की मानचिन्ह ठरलेलंच. हे तोंडी बोललं जायचं, कारण ते लिहून देण्यासारखं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाल्यावर मुदती आणि अभिनंदनं तिकडं गेली. बाकीचं गेलंच. स्क्रीनशॉट कुणाच्या हाती पडेल याची भीती असताना प्रकाशकाचं नाव कोण टाकणार? आता तिथं हार आणि गुच्छांचे फोटो असतात.

२०१९ च्या महापुरानं पंचगंगेकाठच्या घरांतल्या वह्या भिजवल्या. शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळे ऑगस्टची बैठक झाली नाही. २०२० मध्ये टाळेबंदी आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. याच काळात ऑनलाइन बैठका सुरू झाल्या आणि एक गोष्ट उलटी घडली. स्क्रीनवर उभं राहून सादरीकरण करता येत नाही, त्यामुळे बसून वाचण्याचा नियम न सांगता पाळला गेला. चंदगड, आजऱ्याकडची माणसं, ज्यांना रविवारी येणं-जाणं जमायचंच नाही, ती नियमित वाचू लागली. बैठका पुन्हा वर्गात भरू लागल्यावर ती तुटली.

रेकॉर्डिंगची मागणी त्यांच्याकडूनच आली आहे. विरोध करणाऱ्यांत प्रतींचा आग्रह धरणारे जुने लोक जास्त आहेत. रेकॉर्ड करताना दहा वेळा पुसून अकराव्यांदा वाचता येतं, ते वाचन नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ज्या लेखिकेनं फुलस्केप हिसकावला होता त्या मात्र रेकॉर्डिंगच्या बाजूनं आहेत. तूर्त ठरलंय ते असं, की ध्वनिफीत ऐकवायची, पण एसटी गाठणाऱ्यांची नावं संपल्यावर.