फॉर्मवर जेवढी किंमत टाकली तेवढे पैसे मिळतात, हे खरं नाही

हाताने बनवलेली वस्तू कुरिअरने पाठवताना फॉर्मवर व्हॅल्यू जरा वाढवूनच टाकायची, तुटली तर तेवढे पैसे मिळतात, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तसं होत नाही हो. ती रक्कम म्हणजे फक्त वरची मर्यादा, त्याच्या आत खरं नुकसान किती ते तुम्हीच दाखवायचं असतं. आंतरराष्ट्रीय विमान कार्गोच्या 1999 च्या माँट्रियल करारातही हेच आहे, जाहीर केलेली रक्कम खऱ्यापेक्षा जास्त होती असं कंपनीने सिद्ध केलं तर ती कमी देऊ शकते, म्हणजे वाढवून टाकलेल्याचा जादा चार्ज भरून हातात काही नाही.

आता हॅंडमेड वस्तूला एमआरपी नसते, इथेच सगळं अडतं. "एवढे दिवस खपून बनवलंय" याला क्लेमवाले विचारत नाहीत, गिऱ्हाईकाने प्रत्यक्ष भरलेल्या पैशाची पावती, ऑर्डरचे मेसेज, तसल्याच आधी विकलेल्या वस्तूंची बिलं, हे चालतं. नुसता कान तुटलेला कॉफी मग असेल तर दुरुस्तीचाच खर्च धरू शकतात, पूर्ण किंमत नाही.

आणि खोका फेकू नका!! आतलं बबल रॅप, थर्माकोल, लेबल सगळं तसंच ठेवायचं, कारण पॅकिंग कमी होतं म्हणून क्लेम नाकारणं फार कॉमन आहे, फ्रॅजाइलचा स्टिकर तिथे काही कामाचा नाही. त्या माँट्रियल करारात कार्गो डॅमेजची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत करायची असते, बाकी ठिकाणी मुदत वेगळी, ती पाठवायच्या आधीच बघून घ्या.